ग्लेनाराच्या धक्क्यावर

"चष्मा सांभाळ," सुमेध म्हणाला आणि त्याने तो काढून माझ्या हातात दिला. मग मनगटावरचं घड्याळ काढलं, खिशातला मोबाइल काढला, पाकीट काढलं. सगळं एकेक करून माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाळूवर शाल अंथरून बसले होते.

"एवढ्या गार पाण्यात काऊन जातोस?" मी म्हटलं. "इथली माणसंसुद्धा घरी गेली."

"जून आहे, आई. इथला उन्हाळा आहे हा."

"तुझा उन्हाळा मला दोन स्वेटर घालून सोसावा लागतो."

तो हसला. मी आल्यापासून तो असा हसला नव्हता, म्हणून मला बरं वाटलं. वाकून त्याने स्वतःचं जाकीट माझ्या पायांवर घातलं आणि कडा नीट खाली खोचल्या, लेकराला झोपवल्यावर पांघरूण खोचतात तशा.

"थंडी वाजली तर नोरीनच्या घरी जा. रस्ता माहीत आहे ना?"

"चर्चच्या मागे तर आहे. पण तू येतोसच ना आता?"

"हो," तो म्हणाला आणि पाण्याकडे चालू लागला.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. मेहकर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. आमच्याकडे पाणी म्हणजे पैनगंगा आणि विहिरी. सुमेध पोहायला शिकला तो मामाच्या विहिरीत, कमरेला वाळलेला भोपळा बांधून. पुढे पुण्याला शिकला, डब्लिनला नोकरीला लागला, तिथेच त्याने स्नेहलबरोबर संसार मांडला. त्याचे वडील गेल्यावर तो मला सारखा ये म्हणायचा. मग एकाएकी म्हणेनासा झाला. तेव्हा मीच तिकीट काढायला लावलं.

विमानतळावर तो एकटाच आला होता. स्नेहल लंडनला बहिणीकडे गेलीय म्हणाला. घरी गेले तर न्हाणीघरात तिचा कंगवा नाही, दारात तिची चप्पल नाही, कपाटाचा अर्धा भाग रिकामा. मी विचारलं नाही. पोरगा सांगेल तेव्हा सांगेल, असं मनाशी म्हटलं. तो रोज सकाळी पाठीला बॅग लावून कामावर जायचा, संध्याकाळी यायचा, मी केलेल्या भाकरीतली अर्धी खायचा आणि खिडकीशी बसायचा. एक दिवस आपणहून म्हणाला, "चल, तुला एक सुंदर गाव दाखवतो."

ग्लेनारा खरंच सुंदर होतं. दोन्हीकडून हिरवे डोंगर उतरत येतात, मधल्या दरीतून एक लहानशी नदी धावते, आणि दरी जिथे संपते तिथे एकदम समुद्र. पांढऱ्या भिंतींची मोजकी घरं, दगडावर दगड रचून केलेले बांध, पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका मारलेल्या मेंढ्या. नोरीन नावाच्या एका बाईच्या घरी आम्ही उतरलो होतो. तीही माझ्याच वयाची असेल. पहिल्याच दिवशी तिने मला गरम पाण्याची रबरी पिशवी आणून दिली आणि पोटाशी कशी धरायची ते स्वतःच्या पोटाशी धरून दाखवलं. माझं इंग्रजी म्हणजे चौथीच्या पुस्तकातलं. वर्गात फळ्यावर लिहिलेलं, इंग्रजी बोलणाऱ्या माणसाशी कधी न बोललेलं. तिचं इंग्रजीही मला गाण्यासारखं वाटायचं, कुठे शब्द संपतो ते कळायचं नाही. तरी आमचं भागत होतं.

सुमेध पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. थांबेल, अंगावर पाणी घेईल, ओरडेल, असं मला वाटलं. तो थांबला नाही. तसाच आडवा झाला आणि पोहू लागला.

सुरुवातीला मी कौतुकाने बघत होते. हात कसे लांब लांब पडत होते. थोड्या वेळाने मला वाटलं, आता वळावं. डावीकडे खडकांची रांग होती, उजवीकडे लांबवर मासेमारीच्या होड्यांचा धक्का. माणूस पोहायला जातो तो काठाकाठाने पोहतो, इकडून तिकडे, तिकडून इकडे. सुमेध सरळ आत चालला होता. एकदाही त्याने मान मागे केली नाही.

"सुमेध," मी हाक मारली. वारा समोरून येत होता. माझी हाक माझ्याच तोंडावर परत आली.

मी उठले. मांडीवरचं सगळं वाळूत पडलं. पाण्याच्या कडेला जाऊन पुन्हा हाका मारल्या. त्याचं डोकं आता वाटाण्याएवढं दिसत होतं. लाट आली की जायचं, लाट गेली की दिसायचं. मग एक लाट गेली आणि ते दिसलं नाही.

मी वाट पाहिली. दुसरी लाट गेली, तिसरी गेली. समुद्र होता तसाच चमकत होता. तिकडे उन्हाळ्यात संध्याकाळ संपतच नाही, ऊन लख्ख होतं, आणि त्या लख्ख उन्हात माझं पोरगं मला दिसत नव्हतं.

त्याचा मोबाइल उचलला. तो आकडे मागत होता. त्याची जन्मतारीख घातली, स्नेहलची घातली, त्याच्या वडिलांची घातली. उघडला नाही. आकडे न घालताही मदतीचा नंबर लावता येतो हे मला ठाऊक नव्हतं. हातात त्याचा चष्मा होता. लहानपणापासून जाड भिंगांचा चष्मा, त्याच्याशिवाय त्याला समोरच्या माणसाचं तोंड ओळखू येत नाही. मला एकदम कळलं की तो परत फिरला तरी त्याला किनारा कुठे आहे हे दिसणार नाही. वाळूतलं सगळं पदरात बांधून मी पळत सुटले.

वाळूत पाय रुतत होते. एक चप्पल तिथेच राहिली. चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना लाल फुलांची उंच कुंपणं, आणि चिटपाखरू नाही. मी तोंडाने "बुद्धं सरणं गच्छामि" म्हणत होते, पण दुसरी ओळ काही केल्या आठवत नव्हती. पहिलीच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

नोरीन अंगणात वाळलेले कपडे काढत होती. मला बघून तिने चादर तशीच खाली टाकली.

"माय सन," मी म्हटलं. "सी. नॉट कमिंग." आणि पुढे एकही शब्द येईना. मी समुद्राकडे हात केला, दोन्ही हातांनी पोहण्याची खूण केली, मग ते हात तसेच पसरून उभी राहिले.

तिला कळलं. तिने मला काही विचारलं नाही. घरात जाऊन फोन लावला, भरभर बोलली, पुन्हा एक लावला. मग माझ्या अनवाणी पायाकडे बघून स्वतःचे बूट काढून माझ्यापुढे ठेवले, आपण रबरी गमबूट चढवले आणि मला गाडीत बसवलं.

धक्क्यावर तिचा भाऊ डोनल आपल्या होडीचं इंजिन सुरू करत होता. डोनल म्हणजे शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, धरणारा कोळी, दाढी पिकलेला, पण खांदे अजून रुंद. नोरीनने त्याला सांगितलं आणि तो तिच्याशी वाद घातल्यासारखं बोलू लागला. वाद नव्हता तो, घाई होती. मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते माझ्या सुमेधबद्दल बोलत होते आणि मी शेजारी मुक्या जनावरासारखी उभी होते.

मग नोरीन माझ्याकडे वळली. धक्क्याच्या कठड्यावर बोट ओलं करून तिने एक रेघ काढली, वाकडी. हा किनारा. एका टोकाला फुल्या काढल्या, ते खडक. दुसऱ्या बाजूला एक सुळका काढला, समुद्रात शिरलेलं डोंगराचं टोक. ती एकेक शब्द सुटा करून बोलत होती, आणि आता मला तिचा प्रत्येक शब्द कळत होता.

"पोहता पोहता दमला असेल, तर पाणी त्याला इकडे आणेल. खडकांकडे." तिने फुल्यांवर बोट ठेवलं. "आणि सरळ आत गेला असेल, तर ओहोटी त्याला तिकडे नेईल. टोकाच्या पलीकडे." तिने बोट पार लांब नेलं. "शहरातून मोठी बोट येतेय. तिला वेळ लागेल. आत्ता ही एकच आहे. डोनलने कुठे जायचं?"

मी रेघेकडे बघत राहिले. वाऱ्याने ती वाळत चालली होती.

नोरीनने माझे दोन्ही खांदे धरले. "काल तुम्ही वर खोलीत होतात, तेव्हा त्याने मला विचारलं. आईला एकटीला डब्लिनला जायची वेळ आली, तर इथून बस मिळेल का. त्याच्या मित्राचा नंबर लिहून दिला. मला वाटलं, मुलगा काळजी घेणारा आहे." ती थांबली. मग अगदी हळू विचारलं, "तो दुःखी आहे का?"

'सॅड' हा शब्द मी किती वर्षं मुलांना शिकवला. हॅपी म्हणजे आनंदी, सॅड म्हणजे दुःखी, मुलं तोंड पाडून दाखवायची आणि वर्ग हसायचा.

मला नाही म्हणायचं होतं. माझा सुमेध हुशार आहे, चांगल्या पगाराचा आहे, आईला समुद्र दाखवायला घेऊन आलाय. तोंडातून अभद्र काढू नये, बोललेलं खरं होतं, असं माझी आई म्हणायची. मी हो म्हटलं तर ते खरं होईल. मी गप्प बसले तर कदाचित तो नुसता दमलेला असेल, खडकाला धरून बसलेला असेल, आणि आपण सगळे रात्री नोरीनच्या स्वयंपाकघरात चहा पिऊ.

पण मी त्याला जाताना पाहिलं होतं. दुसऱ्या कुणी नाही, मीच पाहिलं होतं.

"ही गो स्ट्रेट," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "ही नॉट लुक बॅक. ही गिव्ह मी एव्हरीथिंग." मी पदराची गाठ सोडून चष्मा, घड्याळ, पाकीट, सगळं तिच्यापुढे धरलं. "येस. सॅड. व्हेरी सॅड. लाँग टाइम."

नोरीनने डोनलकडे बघून नुसती मान हलवली. त्याने दोर सोडला आणि होडी टोकाच्या दिशेने गेली.

नोरीनने मला बसायला लावलं, मी बसले नाही. होडी टोकाला वळसा घालून दिसेनाशी झाली, इंजिनाचा आवाजही बंद झाला. गावातली चारसहा माणसं येऊन लांब उभी राहिली. कुणी जवळ आलं नाही, कुणी बोललं नाही, टोप्या मात्र हातात धरल्या होत्या. ते बघून मला भयंकर भीती वाटली. आमच्याकडेही माणसं अशीच येऊन उभी राहतात, आणि कशासाठी राहतात ते मला माहीत होतं.

नोरीनने माझा हात धरून ठेवला होता. तिची बोटं गार होती. पलीकडून एक मोठी नारिंगी बोट आली, लांबूनच त्याच टोकाकडे गेली. एक रुग्णवाहिका चढावरून खाली आली आणि आवाज न करता उभी राहिली. तिचं दार उघडून एक मुलगी बाहेर आली, माझ्याकडे बघून तिने नजर काढून घेतली.

मी मनात सुमेधशी भांडत होते. अरे, या परक्या गावात मला सोडून? बसची चौकशी करून? मी एकटी बसमध्ये बसून तुझा चष्मा मांडीवर घेऊन गेले असते का रे? मग वाटायचं, त्याच्याशी असं भांडू नये, तो ऐकत असेल. मग वाटायचं, कुठून ऐकत असेल? आणि तिथे माझा विचार थांबायचा, पुढे जायचाच नाही.

डोनलची होडी टोकावरून परत दिसली, तेव्हा सगळे पुढे सरकले. होडीत डोनल उभा होता. आणखी कुणी उभं नव्हतं. तळाला काहीतरी चमकदार कागदासारख्या पांघरुणात गुंडाळलेलं होतं.

डोनलने एक हात वर केला.

त्या देशात हात वर करण्याचा अर्थ काय, हे मला ठाऊक नव्हतं. हात हलला नाही, नुसता वर राहिला. मी नोरीनच्या तोंडाकडे बघितलं. ती तोंडावर हात घेऊन रडत होती. रडण्याचाही अर्थ मला कळेना. मी तिथेच दगडावर बसले.

"अलाइव्ह," ती माझ्यापुढे गुडघे टेकून म्हणाली. मी तशीच बघत राहिले, तेव्हा तिने माझा हात आपल्या छातीवर दाबून धरला, जिथे तिचं काळीज धडधडत होतं. "अलाइव्ह. अलाइव्ह."

त्याचे ओठ जांभळे होते. डोळे उघडे होते, पण तो कुणाकडे बघत नव्हता. स्ट्रेचरवरून नेताना मी त्याचं नाव घेतलं. पापणी हलली. त्याच्या दोन्ही मुठी छातीशी आवळलेल्या होत्या आणि त्यातून निळ्या दोरीची टोकं बाहेर आली होती.

डोनल काय म्हणाला ते नोरीनने मला नंतर दवाखान्यात समजावून सांगितलं. टोकाच्या पलीकडे डोनलने शेवंडींचे पिंजरे टाकले होते. पिंजरा खाली तळाला असतो आणि वर पाण्यावर खुणेसाठी एक रबरी चेंडू तरंगतो, दोरीने बांधलेला. सुमेध त्या दोरीला धरून होता. पाण्याने इतका गारठला होता की हाक मारली तर ओ देत नव्हता, पण डोनल वर ओढायला गेला तेव्हा त्याच्या मुठी सुटेनात. बोटं एकेक उघडून पाहिली, पुन्हा मिटायची. शेवटी डोनलने चाकूने दोरी दोन्हीकडून कापली आणि त्याला दोरीसकट आत घेतलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर सुमेध कितीतरी महिने औषधांवर होता, डॉक्टरांकडे जाऊन बोलायचा. बोलायचं म्हणजे काय, कधी तासभर नुसता बसून यायचा. मी व्हिसा वाढवून राहिले. स्नेहल एकदा भेटून गेली. परत आली नाही, आणि तिचा दोष नव्हता, हे सुमेधनेच मला सांगितलं. पुढे तो भारतात आला. आता नाशिकला असतो, नोकरी करतो. वाईट दिवस अजून येतात, पण आले की तो फोन करून सांगतो, "आई, आज बरं नाहीये." मी म्हणते, "येऊ का?" कधी नको म्हणतो, कधी ये म्हणतो. ये म्हटलं की मी मिळेल त्या एसटीने निघते. नोरीन नाताळला फोन करते. आम्ही दोघी एकमेकींना काय सांगतो ते दोघींनाही धड कळत नाही, तरी बोलतो.

पण मला सांगायची होती ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

दवाखान्यातली खोली उबदार होती. सुमेधच्या दोन्ही तळव्यांची कातडी दोरीने सोलून निघाली होती, दोन्ही हात मनगटापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत. मी खुर्चीवर रात्र काढली होती. तो जागा झाला आणि छताकडे बघत राहिला.

"तू त्यांना काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"जे पाहिलं ते."

"सगळं?"

"माझ्या इंग्रजीत बसलं तेवढं."

त्याने तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाला, "नोकरी जानेवारीतच गेली. सकाळी जायचो ते बागेत जाऊन बसायचो."

"बरं."

"नोकरीमुळे नाही, आई. स्नेहलमुळे पण नाही. मला सांगता येत नाही. रोज सकाळी डोळे उघडले की वाटायचं, पुन्हा उघडले."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "आणि मला तिथे वाळूत बसवून गेलास," मी म्हटलं. "बसचं विचारून ठेवलंस. मी बसमध्ये बसले असते असं वाटलं तुला?"

"तुला माझ्यामुळे त्रास होऊ नये म्हणून."

"मूर्खा," मी म्हटलं. आणि त्याचं पांघरूण कडेने खोचलं.

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याने आपले पांढरे हात उचलून डोळ्यांजवळ आणले. चष्मा नव्हता, म्हणून अगदी जवळ.

"मी ती दोरी सोडणार होतो," तो म्हणाला. "आधी हाताला काहीतरी लागलं म्हणून धरली. मग म्हटलं, सोडू. खूपदा म्हटलं. हात ऐकेनात, आई. मी सोड म्हणत होतो आणि ते सोडत नव्हते. मला भीती वाटायला लागली. पाण्याची नाही. ते सुटतील याची."

तो रडू लागला. डोळे पुसायला हात नव्हते. मी पदराने पुसले.

नर्स बशीत लोणी लावलेला पाव आणि दुधाचा चहा ठेवून गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली, पावाचा तुकडा मोडला, चहात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला.

"भूक नाही," तो म्हणाला.

"खा."

चहा माझ्या बोटांवरून मनगटावर ओघळत होता. मी हात तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने त्याने तोंड उघडलं.